ओझ्याचा कुत्रा: अलास्कन मॅलम्यूट, पिल्लापासून पहिल्या मोठ्या केसझडीपर्यंत

मॅलम्यूट पाळणाऱ्याची पहिली चूक बहुतेक वेळा खाण्याच्या भांड्यात होते. एवढं थोरलं जनावर म्हणजे खाणंही तेवढंच थोरलं, असा हिशोब आपण मनात बांधतो आणि वर्षभरात कुत्र्याच्या कमरेचा पत्ता लागेनासा होतो. वरून दाट केस, त्यामुळे चढलेली चरबी डोळ्यांना दिसतही नाही. हे शरीर मुळात काटकसरीसाठी घडलेलं आहे. थोडक्यात भागवायचं, घाई करायची नाही आणि मागे जड ओझं असताना दिवसभर चालायचं. एवढं लक्षात आलं की त्याची सावकाश वाढ, त्याचा हट्ट, केसांचा पसारा आणि उन्हात होणारी तगमग, सगळ्याचा उलगडा होतो.

नाव पडलं ते वायव्य अलास्कातल्या कोत्झेब्यू साउंडच्या किनाऱ्यावर राहणाऱ्या मालेम्यूट या इनुपियाक लोकांवरून. सीलच्या शिकारीचं मांस तळावर ओढून आणायचं आणि मुक्काम हलला की सगळं सामान स्लेजवरून, म्हणजे बर्फावरच्या घसरगाडीवरून, न्यायचं, ही त्यांच्या कुत्र्यांची कामं. 1896 नंतर क्लोन्डाइकच्या सोन्यामागे माणसांची रीघ लागली, तेव्हा दणकट कुत्र्यांना भलतीच मागणी आली आणि बाहेरच्या कुत्र्यांशी सरमिसळही झाली. पुढे काही जणांनी जुन्या बांध्याचे कुत्रे निवडून रक्त सांभाळलं. कोत्झेब्यू, एम'लूट आणि हिनमन-अर्विन ही तीन घराणी त्यातूनच आली. 1935 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने जातीला मान्यता दिली. 2010 पासून हा अलास्काचा अधिकृत राज्य-कुत्रा आहे.

अमेरिकन मानकानुसार नराची आदर्श उंची खांद्यापाशी 25 इंच, म्हणजे साधारण 63 सेंटिमीटर, आणि वजन 85 पौंड, म्हणजे 38 किलोच्या आसपास. मादी 23 इंच आणि 75 पौंड, म्हणजे 34 किलो. ‘जायंट मॅलम्यूट’ म्हणून 60-65 किलोचे कुत्रे कौतुकाने दाखवले जातात. आमच्या मते ते कौतुक सांध्यांना फार महाग पडतं. ओझं ओढणाऱ्याला आधी स्वतःचं शरीर ओढावं लागतं.

सायबेरियन हस्कीशी गल्लत नेहमीची आहे. हस्की हलका, नर जेमतेम 20 ते 27 किलोचा, आणि हलकं ओझं वेगाने नेणारा. त्याचे निळे डोळे मानकात चालतात. मॅलम्यूटचे डोळे तपकिरीच हवेत. निळा डोळा आला की तो प्रदर्शनातून बाद. मॅलम्यूटची शेपटी झुपकेदार तुऱ्यासारखी पाठीवर डुलते, डोकं रुंद, हाड जड. पण खरा फरक चालीत कळतो. हस्की पळायला निघतो, मॅलम्यूट कामाला निघतो.

आता पिल्लू. आठ आठवड्यांच्या आधी आणू नये. आणण्यापूर्वी आईबापांचे कागद मागावेत आणि त्यात तीन गोष्टी पाहाव्यात. एक, खुब्याचे एक्स-रे. ऑर्थोपेडिक फाउंडेशन फॉर अ‍ॅनिमल्सचं अंतिम प्रमाणपत्र 24 महिन्यांनंतरच मिळतं, त्यामुळे वर्षाच्या कुत्र्याचे ‘खुबे पास आहेत’ असं कुणी सांगितलं तर तो फार तर प्राथमिक अंदाज असतो. दोन, पॉलिन्यूरोपॅथीची, म्हणजे नसा निकामी होत जाण्याच्या आजाराची, डीएनए चाचणी. एनडीआरजी१ या जनुकातला हा दोष दोन्ही पालकांकडून आला तरच आजार होतो. तीन, दिवांधत्वाची चाचणी. त्याचंही तसंच. दोन्ही पालक नुसते वाहक असतील तर ते ठणठणीत दिसतात, पण त्यांच्या प्रत्येक पिल्लाला आजाराची शक्यता चारात एक. दिवांधत्व असलेलं पिल्लू दोन-तीन महिन्यांचं झालं की भर उजेडात अडखळतं, उंबऱ्यावर थबकतं, आणि दिवेलागणीला अगदी व्यवस्थित धावतं. त्यामुळे पिल्लू पाहायला जायचं ते भर दुपारी आणि त्याला उघड्यावर चालवून पाहायचं.

पहिल्या वर्षाचं सगळं सूत्र ‘सावकाश’ या एका शब्दात आहे. मोठ्या जातींच्या पिल्लांसाठी असतं तेच खाणं घ्यावं, कारण त्यात कॅल्शियम बेताचं ठेवलेलं असतं. कोरड्या वजनाच्या सव्वा टक्क्याच्या आसपास असलं की चांगलं, दीड टक्क्याच्या वर नको. ‘हाडं मजबूत व्हावीत’ म्हणून वरून कॅल्शियमची पावडर किंवा गोळ्या देणं हा हमखास बिघाडाचा रस्ता आहे. लहान पिल्लाच्या आतड्याला जादा कॅल्शियम नाकारता येत नाही. ते शोषलं जातं, कूर्चेचं हाड होण्याची क्रिया बिघडते आणि सांधे वाकडे वाढतात. चार महिन्यांपर्यंत दिवसातून तीन वेळा, सहा महिन्यांनंतर दोन वेळा. पिल्लू गुबगुबीत दिसावं ही हौस इथे सोडून द्यावी लागते.

प्रौढ कुत्र्याचा हिशोब असा करतात. किलोमधल्या वजनाचा 0.75 घात काढायचा आणि त्याला 70 ने गुणायचं. 38 किलोला नुसतं पडून राहण्यासाठी साधारण 1070 किलोकॅलरी लागतात. नसबंदी झालेल्या सर्वसाधारण कुत्र्यासाठी याला 1.6 ने गुणायचा संकेत आहे, म्हणजे 1700 च्या वर. मॅलम्यूटला तेवढं घातलं तर तो सुटतो. रोज तासभर फिरणाऱ्या, ओझं न ओढणाऱ्या कुत्र्याला 1.2 ते 1.3 पुरतो, म्हणजे 1300 ते 1400. शंभर ग्रॅमला 360 किलोकॅलरी असलेलं कोरडं खाणं असेल तर दिवसाला 360 ते 390 ग्रॅम, दोन वेळांत मिळून. पिशवीवरचा तक्ता याहून जास्तच सांगतो. मापाचा कप वापरू नये, काट्यावर तोलावं. कपात सहज 15-20 ग्रॅम इकडेतिकडे होतात आणि ते रोज होतात.

शरीर डोळ्यांनी तपासायचं नाही, बोटांनी तपासायचं. एका हाताची मूठ वळून दुसऱ्या हाताचं बोट पेरांच्या उंचवट्यांवरून फिरवा. बरगड्या अशा लागल्या तर कुत्रा उपाशी आहे. आता हात उघडा, पंजा पालथा करा आणि बोटांच्या मागची हाडं चाचपा. वर पातळ थर, खाली हाड स्पष्ट. बरगड्या अशा लागल्या पाहिजेत. तळव्याच्या गादीसारखं मऊ लागलं तर खाणं दहा टक्क्यांनी कमी. ही तपासणी करताना बोटं केसांत बुडवून कातडीपर्यंत न्यायची, वरवर फिरवली तर नुसती लव हाताला लागते. आठवड्याला एकदा, एकाच माणसाने करायची, कारण प्रत्येकाचा दाब वेगळा.

खाल्ल्यानंतर तासभर पळापळ बंद. खोल छातीच्या मोठ्या कुत्र्यांत पोट फुगून पीळ पडण्याचा धोका असतो. पोट टम्म, ओकारीचा जोर पण बाहेर काहीच नाही, लाळ, एका जागी न बसणं, ही लक्षणं दिसली की घरगुती उपाय नाही, सकाळची वाट पाहणं नाही. थेट शस्त्रक्रिया होऊ शकेल अशा ठिकाणी. हातात थोडेच तास असतात.

स्वभावाबद्दल दोनच गोष्टी आधी पक्क्या समजून घ्याव्यात. हा राखणदार नव्हे. अनोळखी माणसाला हा शेपटी हलवत घरात घेईल. भुंकतोही क्वचित, ‘वू-वू’ करत बोलतो, लांबलचक सूर लावतो. पण माणसांशी इतका मोकळा असलेला हाच कुत्रा दुसऱ्या कुत्र्यांशी, त्यातही आपल्याच लिंगाच्या कुत्र्यांशी, वाईट भांडू शकतो. भांडण एकदा झालं की मिटत नाही. दोन नर किंवा दोन माद्या एकत्र पाळायचा विचार असेल तर वेगळं ठेवायची जागा आधी तयार हवी, आणि खाणं कायम बंद दाराआड, वेगवेगळं. मांजर, कोंबडी, ससा, शेळीचं करडू यांच्याकडे हा खाणं म्हणूनच पाहतो. पिल्लूपणापासून एकत्र वाढलेलं मांजर त्याला ‘आपलं’ वाटतं. शेजारचं मांजर मात्र त्या यादीत नसतं.

कुंपण 1.8 मीटरच्या खाली नको. पण बहुतेक मॅलम्यूट वरून जात नाहीत, खालून जातात. कुंपणाच्या पायथ्याशी आतल्या बाजूला अर्धा मीटर रुंद जाळी जमिनीवर आडवी पसरून, कुंपणाला बांधून, वर माती टाकावी. कडेला उकरायला लागला की नखांना जाळी लागते आणि मागे सरून उकरायची अक्कल बहुतेकांना नसते. सगळीकडेच उकरणं बंद करायला जाऊ नये. सावलीतली एक जागा त्याला देऊन टाकावी; गरमीच्या दिवसांत तो स्वतःसाठी गार खड्डा करतो, आणि ते शहाणपणाचंच आहे.

शिकवणं. हा मठ्ठ नाही, त्याला तेच तेच करण्यात रस नाही. ‘बस’ सांगितलं, बसला, खाऊ मिळाला. दुसऱ्यांदा बसला. चौथ्यांदा तो तुमच्याकडे असं पाहतो की आपल्यालाच प्रश्न पडावा, हे नक्की कशासाठी चाललंय. एका वेळी एका गोष्टीचे तीन-चार प्रयत्न, दिवसातून पाच-पाच मिनिटांच्या दोन बैठका. आरडाओरडा केला तर तो ऐकणं बंद करतो, मारलं तर विश्वास जातो आणि 38 किलोचा अविश्वास हाताळता येत नाही. भांड्याजवळ गुरगुरणारं पिल्लू असेल तर भांडं हिसकावू नये; जवळून जाताना त्यात काहीतरी जास्त चविष्ट टाकत जावं. माणसाचा हात भांड्याकडे आला की काही मिळतं, हे त्याच्या मनात बसलं पाहिजे.

पट्ट्याला ओढतो, ही तक्रार प्रत्येकाची असते. ओढणार नाही तर काय करणार? पिढ्यान्‌पिढ्या ओढतो त्यालाच पुढे वाढवलं. तेव्हा ओढणं मोडायच्या भानगडीत न पडता त्याला साजाने वेगळं करावं. गळपट्टा असेल तेव्हा ओढायचं नाही, हार्नेस, म्हणजे छाती-पाठीवर बसणारा पट्ट्यांचा साज, असेल तेव्हाच ओढायचं. गळपट्ट्यावर पट्टा ताणला गेला की आपण थांबायचं, सैल झाला की चालायचं. सुरुवातीला दहा मिनिटांत वीस पावलंही होत नाहीत. हार्नेस घालून गावभर नुसतं फिरवायचं मात्र नाही, नाहीतर दोन्हींतला भेद त्याला कधीच कळत नाही.

ओढीची तयारी अशी. चार-पाच महिन्यांचं असताना हार्नेस नुसता अंगावर, दोन-चार मिनिटं, खाऊ देत. सहा महिन्यांनंतर मागे दोन मीटर रिकामी दोरी लोंबू द्यायची, मग तिला रिकामी प्लॅस्टिकची बाटली बांधायची. इथे ओझ्याचा प्रश्न नाही, आवाजाचा आहे. मागून काहीतरी खडखडत आपला पाठलाग करतंय असं वाटून कुत्रा बिथरला तर ती भीती महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून पहिल्यांदा गवतावर, जिथे आवाज येत नाही. मग मातीवर. कडक रस्ता सर्वांत शेवटी. शब्द याच काळात शिकवायचे, कारण त्याला ओझं लागत नाही: चालायला ‘हाइक’, उजवीकडे ‘जी’, डावीकडे ‘हॉ’, थांबायला ‘व्होआ’, वाटेत मांजर किंवा दुसरा कुत्रा असेल तर दुर्लक्ष करून पुढे जायला ‘ऑन बाय’. यातला शेवटचा सर्वांत कठीण आणि सर्वांत गरजेचा.

खरं ओझं 18 महिन्यांनंतर. हाडांच्या टोकांकडचे वाढीचे थर बंद झाल्याशिवाय जोर लावू दिला तर हाड कायमचं वाकडं होऊ शकतं. शंका असली तर एक्स-रेमध्ये ते थर दिसतात. सुरुवात वजनाच्या दहाव्या भागाने: 38 किलोच्या कुत्र्याला चार किलोचा लाकडी ओंडका किंवा लहान टायर, मातीवर, दहा मिनिटं, आठवड्यातून तीन दिवस. ओझं वाढवायचं ते आठवड्याला एकदाच, आणि ओझं व वेळ दोन्ही एकाच आठवड्यात नाही. चाकांच्या गाडीवर कुत्रा याच्या कितीतरी पट नेतो, कारण तिथे घासण कमी. पण उतारावर गाडी मागून येऊन आदळते, त्यामुळे ब्रेक नसलेल्या गाडीला जुंपूच नये.

हार्नेस दोन प्रकारचे लक्षात ठेवावेत. पाठीवर फुलीसारखे पट्टे असलेला एक्स-बॅक हलक्या स्लेजचा, त्याची ओढ शेपटीच्या बुडाशी. जड ओझ्याचा हार्नेस लांब. त्याच्या दोन्ही बाजूंचे पट्टे मागच्या पायांच्या गुडघ्यांमागे एका आडव्या दांडीला जोडलेले असतात, म्हणून ओढ खालून लागते आणि कंबर दबत नाही. ओझं जमिनीलगत आणि हार्नेस एक्स-बॅक असं जुळवलं तर कमरेवर वरून दाब येतो आणि कुत्रा पाठ कमानीसारखी करतो. तसं दिसलं की थांबायचं. गळ्याचा भाग छातीच्या हाडावर टेकला पाहिजे. ओढताना खाकरण्याचा आवाज आला म्हणजे तो वर सरकून श्वासनलिकेवर आलाय. काम संपल्यावर पुढच्या पायांच्या काखेतले केस उलटे करून पाहायचे. तिथली कातडी गुलाबी झाली असेल तर पट्टा घासतोय, उद्या जखम होईल. आणि तो दमायच्या आधी, अजून ओढायचं असताना, सोडवायचा. दमून थांबलेला मॅलम्यूट दुसऱ्या दिवशी हार्नेस पाहून दुसऱ्या खोलीत जातो.

तापमान 15 अंशांच्या वर असेल तर ओढकाम बंद, हवा दमट असेल तर त्याही आधी. कुत्रा घामाने थंड होत नाही, धापेने होतो, आणि दमट हवेत धाप वाया जाते. अंगाचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश. 41 च्या वर गेलं की अवयव बिघडायला लागतात. जीभ रुंद, टोकाला चमच्यासारखी वळलेली, हिरड्या लालभडक, लाळ चिकट, चाल डगमगती, की पाणी घ्यायचं. पण या कुत्र्यावर वरून बादली ओतली तर पाणी तेलकट लवेवरून घरंगळून जातं, कातडी कोरडीच राहते. त्याला आडवा करून पोट, जांघा आणि काखांत, केस बोटांनी बाजूला करत ओतायचं, आणि वर पंखा. ओला टॉवेल अंगावर टाकून ठेवू नये, पाच मिनिटांत तो गरम पांघरूण होतो. थर्मामीटर 39.4 दाखवू लागला की पाणी थांबवायचं, नाहीतर तापमान फार खाली जातं. आधी गार करायचं आणि मग दवाखाना, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. बरा वाटला तरी दवाखाना टाळू नये, कारण मूत्रपिंडाचं आणि रक्त गोठण्याचं नुकसान एक-दोन दिवसांनी वर येतं.

आजारांपैकी या जातीचा म्हणावा असा एक झिंकचा. मॅलम्यूट आणि हस्कीत आतड्यातून झिंक नीट शोषलं न जाण्याचा आनुवंशिक दोष आढळतो. डोळ्यांभोवती, ओठांच्या कडेला, नाकावर, कोपरांवर आणि पंजांच्या गाद्यांवर खपल्या धरतात, बहुधा दोन्ही बाजूंना सारख्या. बुरशी समजून महिनोन्‌महिने मलम लावलं जातं. निदान कातडीचा तुकडा तपासून होतं. मग वजनाच्या किलोमागे साधारण 2 ते 3 मिलिग्रॅम झिंक रोज, डॉक्टरांनी ठरवून दिलेलं, आणि खाण्यासोबतच, कारण उपाशीपोटी उलटी होते. धान्यातलं फायटेट आणि जादा कॅल्शियम झिंकला अडवतात. स्वतःच्या मनाने झिंक सुरू करू नये, जास्त झालं तर तांबड्या पेशी फुटतात.

थायरॉइड मंदावल्याचंही दिसतं: खाणं तेच पण वजन वाढतं, केस निस्तेज, दोन्ही कुशींवर विरळ. मात्र नुसतं टी-४, म्हणजे थायरॉइडचं संप्रेरक, रक्तात कमी आलं म्हणून गोळी सुरू करू नये; सरावातल्या स्लेज कुत्र्यांत ते मुळातच कमी दिसू शकतं. थायरॉइडला चालना देणारं टीएसएच आणि रक्तातलं मोकळं टी-४ (फ्री टी-४) सोबत पाहावं. तरुण कुत्रा मागचे दोन्ही पाय जोडून सशासारखा उड्या मारत पळू लागला, आवाज बदलला, श्वास घरघरला, तर वर सांगितलेली पॉलिन्यूरोपॅथी मनात आणावी.

नखं तीन आठवड्यांनी. फरशीवर टकटक ऐकू आली म्हणजे उशीर झालाय. पंजे मोठे आणि बोटांमध्ये केसांची गादी असते. बर्फावर चालवायचं असेल तर ते केस गादीच्या पातळीत कापावेत, नाहीतर बर्फाचे गोळे अडकतात आणि कुत्रा लंगडतो.

आणि आता केस, ज्यांच्यासाठी आमचा सगळ्यात जास्त वेळ जातो. दोन थर आहेत. वर राठ, सरळ केस. आत एक ते दोन इंच दाट, तेलकट, लोकरीसारखी लव. एरवी आठवड्यातून दोनदा विंचरलं की भागतं. वर्षातून एकदा, बहुतेकदा दोनदा, आतली लव सगळीच्या सगळी सुटते. पाळणारे याला कोट ‘ब्लो’ होणं म्हणतात. नसबंदी न झालेल्या मादीत ती माजानंतर किंवा पिल्लं दिल्यावरही सुटते. पहिली मोठी झड साधारण दीड-दोन वर्षांच्या वयात येते, आणि नवखा मालक घाबरून त्वचारोगाचं औषध शोधायला लागतो. तीन ते चार आठवडे चालते.

सुरुवात बहुधा मांड्यांच्या मागून. फिकट पुंजके वरच्या केसांतून डोकावतात, चिमटीत धरून ओढला की पुंजका सहज हातात येतो आणि खालची कातडी स्वच्छ असते. कातडी लाल, खपली धरलेली किंवा उघडी पडली असेल तर ती झड नव्हे, आजार आहे. मग कुशी, पाठ, खांदे, आणि मानेची आयाळ सगळ्यात उशिरा.

आधी कोरडंच विंचरायचं. अंघोळ आधी घातली तर गाठी आवळून नमदा होतो आणि कात्रीशिवाय सुटत नाही. दातांची टोकं गोल असलेला अंडरकोट रेक, एक बारीक तारांचा स्लिकर ब्रश आणि एक लांब दातांचा स्टीलचा कंगवा, एवढी हत्यारं पुरतात. कुत्र्याला कुशीवर झोपवून पोटाच्या कडेपासून सुरुवात. डाव्या हाताने केस वर दाबून धरायचे, जेणेकरून खाली कातडीची पांढरी रेघ दिसेल. त्या रेघेखालचा एक इंचाचा पट्टा बाहेरच्या दिशेने विंचरायचा, कंगवा अडकेनासा झाला की डावा हात इंचभर वर. रेघ दिसत नसेल तर आपण फक्त वरचं वरचं विंचरतोय. एका कुशीला तास-सव्वा तास लागतो. स्लिकर एकाच जागी आठ-दहा वेळांहून जास्त फिरवू नये, कातडी खरचटते आणि ते दुसऱ्या दिवशी कळतं. कानांमागे, काखेत, गळपट्ट्याखाली आणि मांड्यांच्या झालरीत गाठी लपतात. त्या टोकाकडून मुळाकडे, बोटांनी फाडत सोडवायच्या.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी, गाठी संपल्यावर, कोमट पाण्याने अंघोळ. ती उरलेली लव सैल करते. कातडीपर्यंत भिजायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात, शॉवरचं तोंड केसांत खुपसून धरावं लागतं. शाम्पू पाण्यात पातळ करून घ्यावा, नाहीतर तो लवेच्या वरच वर फेस करतो. धुवायला लावायच्या दुप्पट वेळ. केस चिमटीत घासून चर्र आवाज आला की शाम्पू निघाला. मग ब्लोअर, गरम हवा नाही, वेगाची. मागच्या पायाकडून, कमी वेगात, तोंड कातडीपासून वीतभर दूर. जवळ नेलं की लांब केसांचा पीळ पडून गाठ होते. हवेच्या झोताने केसांत भोवरा पडतो आणि मध्ये कातडी दिसते. ती कोरडी दिसेपर्यंत भोवरा हलवायचा नाही. दीड-दोन तास लागतात. खोली पांढरी होते, नाकावर मास्क हवाच. घाईत आतला थर दमट ठेवला तर दोन दिवसांत मानेखाली किंवा जांघेत ओला, लाल, दुखरा चट्टा उठतो, आणि त्यापायी मग तिथले केस भादरावे लागतात.

म्हणूनच ब्लोअरची सवय नऊ-दहा आठवड्यांच्या पिल्लाला लावावी: यंत्र शेजारच्या खोलीत चालू, इकडे खाणं. रोज पाच मिनिटं टेबलावर कंगवा, पंजे हातात, शेपटी हातात. दोन वर्षांच्या मॅलम्यूटला टेबलावर धरून ठेवणं दोन माणसांचंही काम नाही.

उन्हाळा आहे म्हणून, किंवा झडीचा वैताग आला म्हणून, यंत्राने सगळे केस काढून टाकायचे नाहीत. वरचे राठ केस ऊन अडवतात, आणि लव निघून गेली की त्यांच्याखालून हवा फिरते. भादरल्यावर कातडी भाजते. पुढे लव आधी भरभर येते आणि राठ केस मागे राहतात. काहींत वर्ष-दीड वर्ष तो भाग तसाच राहतो, क्वचित कायमचा. शस्त्रक्रियेसाठी काढलेल्या चौकोनाचंही असं होऊ शकतं, तेव्हा डॉक्टरांना गरजेपुरतेच काढायला सांगावं.

झडीनंतर कुत्रा निम्म्याने लहान दिसतो. हाच बरगड्या चाचपायचा उत्तम दिवस, कारण आता बोटांच्या आणि हाडांच्या मध्ये लव नाही. बहुतेकांचा खाण्याचा हिशोब याच दिवशी बदलतो. शेपटीला रेक किंवा स्लिकर लावायचा नाही. तिथले राठ केस लांब असतात, तुटले की तुरा भरून यायला कितीतरी महिने जातात. शेपटीचं टोक हातात धरून, बुडाकडून थोडे थोडे केस मोकळे करत, नुसता कंगवा. जो पुंजका आपण होऊन निघत नाही, तो पुढच्या आठवड्यावर सोडायचा.